शेऱ्याचा रकाना

२ फेब्रुवारी

आज दुकानात कॉम्प्युटर आला. धाकट्या बहिणीने स्वतः येऊन बसवून दिला. अप्पा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जणू कुणी पाहुणेच येणार होते.

किल्ल्यांचं दुकान अप्पांनी जन्मभर चालवलं ते एक मशीन, दोन कानशी आणि स्वतःची जीभ यांच्या जोरावर. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी फोन कंपनीतली नोकरी सोडून इथे येऊन बसले. तेव्हापासून मला एकच गोष्ट खुपत होती. आपल्याकडे आलेला माणूस कोण, राहतो कुठे, आपल्याला कशाचा पत्ताच नाही! किल्ली ठेवली, दुसरी घासून घेतली, गेला. ही काय धंद्याची रीत झाली?

अप्पांचा तर नियमच होता, गिऱ्हाइकाला "कुठल्या दाराची?" असं विचारायचं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं तर डोक्यात टपली बसली होती. आज म्हटलं, "अप्पा, का हो विचारायचं नाही?" तर म्हणाले, "अगं, मला लिहायचा कंटाळा." घ्या! मी आपली इतकी वर्षं समजत होते की यामागे काहीतरी थोर कारण असणार.

आता प्रत्येक किल्लीचा फोटो, मालकाचं नाव, फोन, पत्ता. शेवटी धाकटीने एक मोकळा रकाना ठेवलाय, 'शेरा'. गिऱ्हाइकाबद्दल जे लक्षात ठेवावंसं वाटेल ते तिथे लिहायचं. पुढच्या वेळी माणूस आला की आपण त्याच्याशी घरच्यासारखं बोलू शकतो. किल्ली हरवली तर नुसता नंबर सांगा, फोटोवरून नवी तयार. नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे आजपासून तू अधिकृत भोचकभवानी." तो शाळेत भूगोल शिकवतो. त्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही.

९ फेब्रुवारी

आज कॉम्प्युटरने पांग फेडले! मागच्या गल्लीतले बँकवाले आजोबा घरातल्या सपाता घालून धापा टाकत आले. दार मागून लागलं, किल्ली आत, बायको मुलीकडे गेलेली आणि गॅसवर दूध. मागच्याच आठवड्यात त्यांची किल्ली नोंदवली होती. फोटो काढला, कोरी किल्ली लावली, घासली, आणि त्यांच्याबरोबर स्वतः पळत गेले. दूध जळून कोळसा झालं होतं, भांड्याचा तळ लाल झाला होता, पण त्यापुढे काही झालं नव्हतं. आजोबांनी माझे दोन्ही हात धरले. "पोरी, घर वाचवलंस," म्हणाले.

अप्पा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होते. संध्याकाळपर्यंत त्यात आगीचा बंबही आला. मीसुद्धा काही त्यांना थांबवलं नाही.

१३ फेब्रुवारी

समोरच्या दातांच्या दवाखान्यात टेबलाशी बसणाऱ्या बाई आल्या होत्या. बारीक आवाजाच्या, नीटनेटक्या. नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या करून हव्या होत्या. पत्ता विचारला तर थबकल्या. "पत्ता कशाला लागतो?"

मी माझा फोन कंपनीतला आवाज काढला. "तुमच्याच सोयीसाठी हो ताई."

"आणि नाही दिला तर?"

"सिस्टिम पुढेच जात नाही ना," मी हसून म्हटलं.

सिस्टिम खरं तर जाते पुढे. धाकटीने एकही रकाना सक्तीचा केलेला नाही. पण सिस्टिमचं नाव घेतलं की माणसं वाद घालत नाहीत, हे मी नोकरीत शिकले. बाईंनी हळू आवाजात पत्ता सांगितला. मला तो पुन्हा विचारावा लागला.

शेऱ्यात लिहिलं, "दातांच्या डॉक्टरांकडे असतात. एकट्या राहतात. दुपारी अडीचला घरी जातात." एक किल्ली शेजारणीकडे ठेवायची म्हणाल्या, म्हणजे घरात दुसरं कुणी नाही. आणि जाण्याची वेळ तर मला इथून दिसतेच. एवढ्याशा बोलण्यातून एवढं टिपलं! नोकरीत असते तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

२० फेब्रुवारी

मोठ्या रस्त्यापलीकडे तीन नव्या इमारती झाल्यात, त्यांचा व्यवस्थापक येऊन गेला. सगळ्या घरांच्या कुलपांचं काम आपल्याला द्यायचं म्हणतोय. कुणीतरी त्याला दुधाची गोष्ट सांगितली. अट एकच, प्रत्येक घराची किल्ली आणि कुटुंबाची माहिती आपल्याकडे नोंदलेली हवी. मी म्हटलं, "साहेब, तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे." अप्पांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. हे काम मिळालं तर शेजारचा बंद गाळा घेता येईल आणि अप्पांना दिवसभर या लाकडी स्टुलावर कंबर मोडत बसावं लागणार नाही.

२४ फेब्रुवारी

आज फार सभ्य गृहस्थ आले होते. दातवाल्या बाईंचे मिस्टर. म्हणाले, "ही नेहमी तुमचं कौतुक करते." मला बाई कधी फारसं बोलल्याचं आठवत नाही, पण बरं वाटलं. त्यांची किल्ली प्रवासात हरवली होती. मी म्हटलं, "समोरच तर आहेत त्या, त्यांची घेऊन या की." तर म्हणाले, "नको हो. मी पुन्हा किल्ली हरवली हे कळलं तर माझी खैर नाही." अप्पा खो खो हसले. आमच्या आईकडून त्यांनी हेच ऐकून घेतलं होतं ना.

पण मी काही अशीच किल्ली देणारी नाही. खात्री म्हणून बाईंचा फोन नंबर विचारला. त्यांनी धडाधड सांगितला, अगदी बरोबर! मग स्वतःच म्हणाले, "बघा हं, हिने जुना पत्ता दिलाय की नवा? नाहीतर भलत्याच कुलपाची किल्ली द्याल." मी वाचून दाखवला. "हो हो, तोच," म्हणाले, आणि फोनमध्ये टिपून घेतला. स्वतःच्या घराचा पत्ता टिपून घेणारा माणूस! पण नवं घर असलं की होतं असं, पाठ झालेला नसतो.

किल्ली देऊन झाल्यावर बाईंच्या नावापुढचा शेरा सुधारला. 'एकट्या राहतात' खोडून 'मिस्टर बाहेरगावी असतात, आता आले' असं लिहिलं. माहिती चुकीची राहून चालत नाही.

२ मार्च

नवऱ्याची दाढ ठणकत होती म्हणून त्याला समोर घेऊन गेले. टेबलाशी वेगळीच मुलगी होती. बाई सुट्टीवर आहेत म्हणाली. कधी येणार विचारलं तर तिने माझ्याकडे बघितलंच नाही. असू दे. मिस्टर इतक्या दिवसांनी आलेत, गेले असतील दोघं कुठेतरी. नवऱ्याला म्हटलं, "बघ, माणसं बायकोला फिरायला नेतात." त्याच्या तोंडात कापूस असल्यामुळे तो उत्तर देऊ शकला नाही.

५ मार्च

बाई आल्या होत्या.

दुकान नुकतंच उघडलं होतं, अप्पा यायचे होते. बाईंच्या पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला होत्या. आत आल्याच नाहीत, पायरीवरूनच विचारलं, "माझ्या किल्लीची अजून एक किल्ली कुणी करून नेली का?"

मी विचारलं, "का हो?"

त्यांनी सांगितलं. दुपारी घरी गेल्या, दार उघडलं, तर तो आत बसला होता. त्यांच्या टेबलाशी, त्यांच्याच कपात चहा घेऊन. "किती उशीर केलास," एवढंच म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याच्यापासून पळाल्या होत्या. तीन घरं बदलली. नोकरीची जागा त्याने कुठून तरी शोधली असेल, पण हे घर त्याला ठाऊक नव्हतं. जिन्यावरून अनवाणी धावत शेजारणीकडे गेल्या म्हणून वाचल्या. त्यांच्या मनगटाला पट्टी होती. ती कशाची ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"तुमच्याकडून तर नाही ना गेली?" म्हणाल्या. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, त्यांना फक्त 'नाही' ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "छे हो. आमच्याकडून कशी जाईल?"

"नाही, मला वाटलंच," म्हणाल्या, आणि वर "त्रास दिला" असंही म्हणाल्या. मला!

६ मार्च

लिहवत नाही.

७ मार्च

काल दिवसभर मनाशी हिशेब मांडत होते. मी काही मुद्दाम केलं नाही. नंबर विचारला होता. त्याने खोटं सांगितलं, मी फसले, कुणीही फसलं असतं. हे सगळं खरं आहे, आणि जिना उतरताना मला माझे पाय बघवत नाहीत.

पत्ता मी वाचून दाखवला होता. 'किती वाजता घरी जातात' हे मोठ्या अक्षरात पडद्यावर होतं, आणि पडदा मी तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवलेला असायचा, म्हणजे त्याला विश्वास वाटावा. मीच ठरवलं होतं ते. देवा रे!

नवऱ्याला सांगितलं. म्हटलं आता हा भोचकभवानी म्हणणार, म्हणू दे. त्याने एवढंच विचारलं, "तू 'नाही' का म्हणालीस?" मी म्हटलं, "तोंडातून निघून गेलं." त्यालाही ठाऊक आहे की तसं नव्हतं. तोंड उघडण्याआधी मला शेजारचा गाळा दिसला होता.

९ मार्च

धाकटीला फोन केला. विचारलं, सगळं पुसता येतं का? ती म्हणाली, "येतं की. पण का?" मी म्हटलं, जास्त माहिती ठेवणं बरं नव्हे. तिला भलताच आनंद झाला. म्हणाली, तिच्या ऑफिसातही यावर डोकेफोड चाललीय. माणसाकडून लागेल तेवढंच घ्यावं, जे आपल्याकडे नाहीच ते चोरीला जात नाही, वगैरे. "तू फार शहाणी झालीस गं ताई," म्हणाली. शरमेने कान तापले माझे.

कारण खरं कारण वेगळंच होतं. बाईंच्या नोंदीवर एक ओळ आपोआप उमटलीय. "दुसरी किल्ली दिली," तारीख, वेळ. सगळं पुसलं की तीही जाईल. म्हणजे जे योग्य आहे तेच मी करणार, आणि त्यात माझी कातडीही वाचणार.

दुपारी अप्पांना हळूच म्हटलं, "आपण जुनी पद्धत सुरू करूया का? नाव नको, पत्ता नको." अप्पा बिथरले. "आणि त्या इमारतींचं काम? आणि आजोबांचं घर जळालं असतं ते? माझ्या कंटाळ्याला तू आता गुण म्हणणार होय?" त्यांचंही खोटं नाही. आजोबांचं घर खरंच वाचलं होतं. तराजूच्या एका पारड्यात ते दूध आहे आणि दुसऱ्या पारड्यात त्या अनवाणी बाई, आणि काटा धरणारी मी अशी!

अप्पांना बाकीचं सांगितलं नाही. ते त्या माणसाच्या विनोदावर हसले होते, ते त्यांना आठवू नये असं वाटतं.

११ मार्च

डॉक्टर स्वतः रस्ता ओलांडून आले. मला वाटलं नवऱ्याच्या दाढेबद्दल काही असेल. ते म्हणाले, "आमच्या बाईंनी पोलिसात तक्रार दिलीय. पण तो माणूस म्हणतो, किल्ली हिनेच दिली, हिनेच बोलावलं, आता भांडण झालं म्हणून उलटलीय. पोलीस विचारतात, मग किल्ली आली कुठून? तुमच्याकडे तर काही नाही ना?"

अप्पा पुढे सरसावून म्हणाले, "आमच्याकडे सगळं असतं डॉक्टर! कॉम्प्युटरमध्ये. बघ गं."

मी मान खाली घालून कानस पुसत होते. म्हटलं, "बघते." डॉक्टर गेले. मी बघितलं नाही, मला ती ओळ तोंडपाठ आहे.

संध्याकाळी व्यवस्थापकाचा फोन आला, कागद तयार आहेत, परवा सही.

१२ मार्च

पुसलं.

नावं, पत्ते, फोन, सगळे शेरे. पुसण्याआधी वाचले. "सून वेगळी झाली, कुलूप बदललं." "मुलगा दारू पितो, त्याला किल्ली देऊ नये असं आई म्हणाली." "परदेशी जाणार, घर महिनाभर बंद." हे सगळं मी लिहिलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. आता किल्लीचा फोटोही नाही. नंबरही नाही. फक्त बाईंचं पान ठेवलं, शेऱ्यासकट. माझा हात दोनदा त्या पानावर गेला. ते एक पान गेलं असतं तर मी जगाच्या नजरेत शहाणी ठरले असते, आणि बाई खोट्या.

व्यवस्थापकाला फोन करून सांगितलं, घरांची माहिती आम्ही ठेवणार नाही, तसं चालेल का? तो म्हणाला, "मग तुमच्यात आणि रस्त्यावरच्या किल्लीवाल्यात फरक काय?" मी म्हटलं, काही नाही. त्याने फोन ठेवला.

मग अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी हसलो होतो ना गं?" मी नाही म्हणणार होते. म्हटलं, "हो अप्पा."

१४ मार्च

आज आजोबा पुन्हा. या वेळी किल्ली बाजारात पडली. "तुझ्याकडे आहे ना फोटो," म्हणत खुशाल पायरीवर टेकले. नाही म्हटल्यावर त्यांना पटेचना. कुलूप तोडावं लागलं, दाराची चौकट निघाली, आजोबा सगळा वेळ जिन्यात उभे. "तेव्हा बरी होतीस," म्हणाले. निमूटपणे ऐकून घेतलं. त्यांना दुसरी किल्ली शेजारी ठेवायला सांगितलं, तर म्हणाले, "शेजाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुझ्यावर होता."

डॉक्टरांकडे जाऊन बाईंचा ठावठिकाणा विचारला. त्यांनी सांगितला नाही. बरोबरच केलं. मी म्हटलं, "त्यांना एवढंच कळवा, किल्ली मीच दिली." "त्या दिवशी तर तुम्ही नुसतं 'बघते' म्हणालात," डॉक्टर म्हणाले.

१७ मार्च

आज बाई आल्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे दातांचे साचे मांडून ठेवलेत, तिथे भेटलो. मी ते पान छापून नेलं होतं. वाटेत वाटलं होतं, शेरा तेवढा कापून टाकावा, किल्लीची नोंद तर वर आहेच. नाही कापला. शाबासकीसारखं लिहितेय का मी हे? मला शाबासकी नको आहे.

त्यांनी पान वाचलं. वरची ओळ, पत्ता, तारीख. मग शेरा. धाकटीची सिस्टिम खोडलेलंही दाखवते, त्यामुळे 'एकट्या राहतात' वर नुसती रेघ होती. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"अडीचला जाते हे मी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "मी दुकानातून बघायचे."

"का?"

काही कारणच नव्हतं. म्हटलं, "रकाना मोकळा होता."

बाईंनी पानाची घडी घातली. रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही पोलिसांपुढे हे सांगाल?" विचारलं. मी हो म्हटलं.

आम्ही चालत गेलो, त्या पुढे, मी मागे. चौकीतल्या माणसाने ते पान मोठ्याने वाचलं. माझाच शेरा, माझेच शब्द, तिथल्या बाकावर बसलेल्या चार अनोळखी माणसांसमोर. मी कधी, कसं, काय बोलले ते सगळं सांगितलं. ५ मार्चला खोटं बोलले तेही. त्याने विचारलं, "तेव्हा का नाही म्हणालात?" मी म्हटलं, "धंद्यासाठी." त्याने तेही लिहून घेतलं. माझी सही घेतली. बाईंना म्हणाला, "आता तो तुम्हीच किल्ली दिली असं म्हणू शकत नाही." बाईंनी डोळे मिटले आणि पदराने नाही, पालथ्या हाताने चेहरा पुसला. मनगटावर अजून पट्टी होती.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. मला वाटलं आता काहीतरी बोलावं. "चला," मी म्हटलं, "कोपऱ्यापर्यंत बरोबरच जाऊ."

त्या फाटकाशीच उभ्या राहिल्या. "तुम्ही पुढे व्हा."

"अहो, एकाच बाजूला असेल तर..."

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज तसाच बारीक होता. "तुम्ही आधी जा."

मला कळायला वेळ लागला. मी नजरेआड होईपर्यंत त्या तिथून हलणार नव्हत्या. आपण कुठल्या बाजूला वळतो हे त्यांना मला दिसू द्यायचं नव्हतं.

मी निघाले. कोपऱ्यापर्यंत मान वळवली नाही.